‘ब्रोनी’ कोण? आणि चाहत्या महिलांची तक्रार काय?

श्रीवर्धनला कुणी बाप्या माणूस भातुकली मांडून बसला तर लोक हसतील. अमेरिकेत २०१० नंतर साधारण तसंच झालं. ‘माय लिटल पोनी’ या मुलींच्या खेळण्यांवर लॉरेन फॉस्ट यांनी नवं कार्टून आणलं आणि ते तरुण पुरुषांनाही आवडलं. ‘ब्रो’ अधिक ‘पोनी’, म्हणून हे ‘ब्रोनी’. त्यांची भरपूर टिंगल झाली. पण बातम्याही त्यांच्याच झाल्या. हीच खेळणी १९८० च्या दशकापासून जपणाऱ्या बायका मात्र मागे राहिल्या. बाईला पोनी आवडली तर त्यात बातमी कसली! काही जणींनी ‘पेगासिस्टर’ हे वेगळं नाव घेतलं, काहींना ‘ब्रोनी’च चाललं. २०११ ला सुरू झालेलं चाहत्यांचं संमेलन २०१९ ला बाल्टिमोरमध्ये संपलं. नाव शेवटपर्यंत ‘ब्रोनीकॉन’च.