परतलेल्या सैनिकाला तीन महिन्यांनी पुन्हा विचारा

सैनिक सुखरूप घरी आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पहिले काही दिवस तोही हसतखेळत असतो. मनाचा त्रास अनेकदा त्यानंतर डोके वर काढतो आणि तोवर विचारपूस करणारे पांगलेले असतात.

राखीव सैनिकांच्या बाबतीत ही अडचण मोठी आहे. राखीव सैनिक म्हणजे एरवी नोकरी, दुकान किंवा शेती सांभाळणारा आणि बोलावणे आले की गणवेश चढवणारा नागरिक. इराकहून परतलेल्या ८८,२३५ अमेरिकी सैनिकांची परतताच एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नियमित सैनिकांपैकी २०.३ टक्के, तर राखीव सैनिकांपैकी तब्बल ४२.४ टक्के जणांना मानसिक उपचारांची गरज असल्याचे आढळले. आप्तांशी खटके उडण्याची तक्रार दुसऱ्या तपासणीत चौपट झाली होती.

मग ते वेळेत डॉक्टरांकडे का जात नाहीत? परतताना घराची ओढ असते. ‘त्रास होतो’ म्हटले तर अडकून पडू, ही धास्ती असते. नियमित सैनिक छावणीत परततो, तिथे सोबती आणि लष्करी डॉक्टर जवळ असतात. राखीव सैनिक आपल्या गावी जातो, कामावर रुजू होतो. त्याने काय पाहिले, हे तिथे कुणाला ठाऊक नसते. उपचारांसाठी लांब जायचे तर रजा लागते, आणि सवलतींना मुदत असते. अमेरिकेने २००८ मध्ये युद्धावरून परतलेल्यांसाठी माजी सैनिक रुग्णालयांतील मोफत उपचारांची मुदत दोनवरून पाच वर्षे केली.

लाजेचा अडसर तर सगळ्यांनाच असतो. नियमित तुकड्यांच्या २००४ मधील अभ्यासात, लक्षणे असलेल्यांपैकी ६५ टक्के जणांना उपचार घेतले तर आपण दुबळे ठरू, असे वाटत होते.

आपल्या प्रादेशिक सेनेचे जवानही नागरी पेशा सांभाळून सेवा करतात. कोल्हापुरात तिची बटालियन आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मनाचा त्रास सहसा दुसऱ्याच नावाने येतो: झोप नाही, छातीत धडधड, डोकेदुखी, वाढलेली दारू. कारण विचारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून घरच्यांनी तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे. ‘काही त्रास नाही ना?’ असे नको. त्यात ‘नाही’ हे उत्तर आधीच दडलेले असते. ‘झोप कशी लागते? दचकून जाग येते का?’ असे विचारा. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात आहे. जीव नकोसा झाल्याचे तो बोलला, तर मात्र त्याला एकटे सोडू नका. तडक रुग्णालयात आणा.