थांबलेली जीप पुन्हा चालते तेव्हा

समजा, गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्री गावात तुमच्या आजोबांचे घर आहे. घरामागे गुरांचा गोठा आहे आणि गोठ्याच्या पडवीत गवताच्या पेंढ्यांआड एक जुनी जीप उभी आहे. एके काळी ती धानाच्या बांध्यांवर बियाण्यांची पोती नेई, आजारी माणसाला दवाखान्यात पोहोचवी. पुढे घरात ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, आणि जीप पडवीत गेली ती गेलीच. वीस पावसाळे तिने तिथेच काढले. आता आजोबांच्या मनात आहे की, ती पुन्हा रस्त्यावर यावी.

तुम्ही उत्साहाने म्हणता, "आजोबा, नवी बॅटरी लावू आणि मारू किल्ली!"

आजोबा म्हणतात, "थांब गा पोरा! वीस वर्षं थांबली ती, अजून महिनाभर थांबेल."

आजोबांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे. घाईने मारलेली ती एक किल्ली चांगले इंजिन कायमचे निकामी करू शकते. असे का व्हावे? यंत्र तर नुसते उभे होते, झिजले नव्हते! या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आपल्याला शाळेतले निम्मे पदार्थविज्ञान आणि थोडे रसायनशास्त्र भेटणार आहे.

जीप आली कोठून?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला खडबडीत जमिनीवर चालणारी हलकी गाडी हवी होती. त्यातून जीपचा जन्म झाला. १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर हीच गाडी शेतकऱ्यांसाठी आणि नागरिकांसाठी निघू लागली. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे 'सीजे-३बी' नावाचा उंच बॉनेटचा नमुना आपल्याकडे घरोघर ओळखीचा झाला. बॉनेट उंच का? कारण त्याच्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणाऱ्या झडपा (व्हॉल्व्ह) वरच्या झाकणात बसवल्या होत्या. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेटलाही वर सरकावे लागले.

या इंजिनात चार नळकांडी (सिलिंडर) आहेत. प्रत्येकाचा व्यास सुमारे ७.९४ सेंटिमीटर आणि दट्ट्याची (पिस्टनची) धाव सुमारे ११.११ सेंटिमीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला धावेने गुणा, मग चाराने गुणा. उत्तर सुमारे २२०० घनसेंटिमीटर येईल. इंजिन 'बावीसशे सी.सी.'चे आहे असे मिस्त्री म्हणतात, ते हेच.

उभे यंत्र का बिघडते?

गोंदियाच्या परिसरात पावसाळा भरपूर. दिवसा पडवीतली हवा तापते, रात्री गार होते. गरम हवेत अधिक बाष्प मावते. ती गार झाली की जादा बाष्पाचे दव बनते. लोखंड जड असल्यामुळे सकाळी बराच वेळ थंड राहते आणि दमट हवा त्याला लागताच त्यावर पाण्याचा पातळ थर जमतो. रोज एक थर, असे वीस वर्षे!

तुम्ही विचाराल, इंजिन तर बंद असते, मग ओल आत शिरते कशी? चार नळकांड्यांच्या इंजिनात चौघांची कामे एकाआड एक चालतात. त्यामुळे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले तरी बहुधा एखाद्या नळकांड्याची झडप उघडी राहतेच. त्या वाटेने बाहेरची हवा थेट आतल्या भिंतीपर्यंत पोहोचते. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज तयार होतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. दट्ट्याच्या कड्या आणि नळकांड्याची भिंत यांत फट केसाएवढीही नसते. तेवढ्या जागेत गंज फुगला की दट्ट्या पाचरीसारखा घट्ट बसतो. यालाच मिस्त्री 'इंजिन जाम झाले' असे म्हणतात.

आता बॅटरी लावून किल्ली मारली, किंवा ट्रॅक्टरला बांधून गाडी ओढली, तर काय होईल? ठिसूळ कडी तुटेल, नाही तर दट्ट्याचा दांडा वाकेल. नळकांड्यात पाणी साचले असेल तर आणखी वाईट. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. मग जोर सगळा लोखंडावर येतो.

धीराचे औषध

म्हणून पहिले काम म्हणजे चारही स्पार्क प्लग काढणे. त्या भोकांतून प्रत्येक नळकांड्यात थोडे पातळ तेल सोडायचे आणि काही दिवस वाट पाहायची. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसेच हे तेल केशाकर्षणाने बारीक फटीत शिरते आणि गंजाची पकड सैल करते. मग पुढून हँडल लावून इंजिन हलक्या हाताने थोडे पुढे, थोडे मागे हलवून पाहायचे. हलले नाही तर पुन्हा तेल, पुन्हा वाट. जोर लावायचा नाही.

हँडल धरण्याचीही एक रीत आहे. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विरुद्ध बाजूने मूठ आवळायची नाही. इंजिन चालू करताना ते कधी उलटा झटका देते. त्या वेळी अंगठा अडकला तर हाड मोडते.

इंजिन मोकळे झाले की जुने वंगण काढून टाकायचे. ते दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. नवे वंगण भरून, प्लग न लावताच इंजिन फिरवत राहायचे. तेलाच्या दाबाचा काटा हलला की समजावे, वंगण सगळीकडे पोहोचले. ठिणगी पडण्याआधी वंगण पोहोचले पाहिजे, हा नियम विसरू नये. रेडिएटरही धुऊन घ्यावा. विहिरीच्या जड पाण्यातले क्षार आत थर धरून बसतात आणि उष्णता बाहेर पडू देत नाहीत.

पेट्रोल नव्हे, चिकटा!

आसनाखालच्या टाकीचे झाकण उघडले की नेहमीचा वास येत नाही. जुन्या वार्निशासारखा आंबूस वास येतो. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले चटकन पेट घेणारे हलके घटक आधी उडून जातात. उरलेल्यांचे हवेतल्या ऑक्सिजनाशी संयोग होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ बनतो. तो कार्बुरेटरच्या सुईएवढ्या भोकांत बसतो. म्हणून टाकी, नळ्या, पंप आणि कार्बुरेटर ही सर्व साखळी साफ करावी लागते.

आज एक नवी गोष्टही लक्षात ठेवावी लागते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी शोषते, आणि जुन्या पद्धतीचे रबर त्यात फुगते किंवा भुसभुशीत होते. तेव्हा रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवावेत.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरून पडवीच्या कोपऱ्यात साचते. म्हणून हे काम उघड्यावर करावे, आसपास बिडी, चूल, कंदील असू नये. तसेच बंद खोलीत इंजिन कधीही चालवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो माणसाचा जीव घेतो.

ठिणगीची वाट

पडवीत उंदरांनी विजेच्या तारांचे आवरण कुरतडलेले असते. कुंभारीण माशीने एखाद्या नळीत मातीचे घर केलेले असते. ते सारे नीट करावे. उभ्या बॅटरीच्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती पुन्हा भारित होत नाही. ती बदलावीच लागते.

जुन्या जीपमध्ये ठिणगीसाठी 'पॉइंट' नावाचे दोन लहान संपर्क असतात. ते उघडतात त्या क्षणी कॉइलमधला प्रवाह एकदम तुटतो आणि विद्युत्-चुंबकीय प्रवर्तनाने दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टांचा दाब निर्माण होतो. फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेले तत्त्व ते हेच. पॉइंटवर वर्षानुवर्षांचा काळा थर असला तर प्रवाहच वाहत नाही. बारीक पॉलिश कागदाने तो घासून, फट सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवली की बऱ्याच वेळा हरवलेली ठिणगी परत येते.

चालण्याआधी थांबणे

आता इंजिन फुरफुरू लागले, घरात आनंदीआनंद झाला. कोणी तरी म्हणेल, "चला, गोंदियाच्या बाजारापर्यंत एक चक्कर मारू!" हाच सर्वांत धोक्याचा क्षण. इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्यात उभी राहते. ब्रेक लागला नाही तर गाडी उभी राहत नाही!

जीपचे ब्रेक पास्कलच्या नियमावर चालतात. समजा, तुमच्या पायाचा जोर २० किलोग्रॅम आहे आणि पायपट्टीच्या तरफेमुळे तो पाचपट झाला. म्हणजे १०० किलोग्रॅम. मुख्य नळकांड्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर असेल तर द्रवावर दर चौरस सेंटिमीटरला २० किलोग्रॅम दाब पडतो. तोच दाब नळ्यांतून चारही चाकांपर्यंत सारखा पोहोचतो.

पण त्यातच एक कमकुवत बाजू आहे. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून एकच द्रवमार्ग असतो. एका चाकाची नळी फुटली की द्रव तिकडून वाहून जातो आणि चारही ब्रेक एकदम जातात. त्यातून ब्रेकचा द्रव हवेतले पाणी शोषतो. त्या पाण्याने आतून गंज धरतो, आणि ब्रेक तापला की पाण्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पायपट्टी खाली जाते, पण चाक थांबत नाही. म्हणून जुना द्रव, रबरी वॉशर आणि लवचिक नळ्या सर्व बदलायच्या, मग ते चांगले दिसोत वा न दिसोत. टायरांचेही तसेच. नक्षी खोल असली तरी ऊन आणि हवेतला ओझोन यांनी रबराला भेगा पडलेल्या असतात.

हँडब्रेकवरही फार विसंबू नये. या जातीच्या बऱ्याच जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर असतो. मागचे एक चाक जॅकने उचलले की डिफरन्शिअलमुळे ते चाक मोकळे फिरू शकते आणि गाडी घरंगळते. म्हणून चाक उचलण्यापूर्वी बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावावेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये. खाली पक्के ठोकळे हवेतच.

चिखलातली ताकद

सुमारे एक टनाची ही गाडी चिखलातून कशी निघते? पहिला गिअर सुमारे २.८, मंद गतीचा जादा गिअर २.४६ आणि आसाचा गिअर ५.३८. तिन्हींचा गुणाकार करा. सुमारे ३७ येतो. इंजिन मिनिटाला १००० फेरे घेते तेव्हा चाक फक्त २७ फेरे घेते, आणि गाडी ताशी साडेतीन-चार किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने जाते. वेग ३७ पटींनी घटला, त्या प्रमाणात चाकाचे पीळबल वाढले. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांची जोडणी करू नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून जमवून घेतात, डांबरावर मात्र दांड्यांना पीळ पडतो.

भरवसा कसा येतो?

पहिल्या दिवशी अंगणात, मग गावाच्या मुरुमाच्या रस्त्यावर, मग दहा किलोमीटर, अशी हळूहळू मजल वाढवावी. प्रत्येक फेरीनंतर वंगणाची पातळी, रेडिएटरचे पाणी, चाकांच्या तुंब्यांची उष्णता आणि खाली पडलेला थेंब पाहून वहीत लिहावे. एक चाक इतरांपेक्षा फार तापले तर तिथला ब्रेक घासतो आहे, हे वही आपोआप सांगते. गाडी एकदा सुरू झाली म्हणजे दुरुस्त झाली असे नव्हे. ती शंभर वेळा सुरू झाली आणि शंभर वेळा थांबली, म्हणजे भरवशाची झाली.

कागदपत्रेही विसरू नयेत. नोंदणीचे नूतनीकरण, योग्यता तपासणी, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र यांशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या वाहनांसाठी केंद्र शासनाने २०२१ साली वेगळ्या नोंदणीचे नियम केले. पण अशी नोंदणी केलेले वाहन रोजच्या कामासाठी वापरता येत नाही. आजोबांना धान वाहायचे असेल तर नेहमीचीच नोंदणी हवी.

करून पाहा

१. तीन बाटल्या घ्या. पहिलीत कोरडा खिळा, दुसरीत अर्धा पाण्यात बुडालेला खिळा, तिसरीत तेल फासलेला व अर्धा पाण्यात बुडालेला खिळा ठेवा. आठवडाभर रोज निरीक्षण लिहा.

२. सुई नसलेल्या दोन पिचकाऱ्या (सिरिंज), एक लहान आणि एक मोठी, प्लॅस्टिकच्या नळीने जोडा व पाण्याने पूर्ण भरा. लहान पिचकारी दाबून मोठी उचला. आता नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा ठेवून तेच करा. दाबण्यात काय फरक पडला? ब्रेकमधून हवा का काढावी लागते, ते तुमच्या बोटांनाच कळेल.