आठ सेकंदांचा धडा

मार्च १९८६. अमेरिकेतील टेक्सास राज्यात टायलर येथील कर्करोग केंद्रात एका रुग्णाला पाठीवर किरणोपचार द्यायचे होते. यंत्र होते कॅनडात बनलेले 'थेरॅक-२५'. ऑपरेटरने इलेक्ट्रॉन किरणांच्या 'ई'ऐवजी चुकून क्ष-किरणांचा 'एक्स' टाइप केला. चूक लगेच लक्षात आल्याने तिने कर्सर वर नेऊन अक्षर बदलले आणि उरलेले रकाने एंटर दाबत भरभर पार केले. पडद्यावर सारे ठीक दिसत होते.

उपचार सुरू होताच 'मालफंक्शन ५४' असा संदेश आला. त्याचा अर्थ माहितीपुस्तिकेत नव्हता. असे संदेश नेहमीचेच, म्हणून तिने 'पी' दाबून उपचार पुढे चालू केला. रुग्णाला १८० रॅडऐवजी अंदाजे १६,५०० ते २५,००० रॅड मात्रा बसली. पाच महिन्यांनी तो दगावला.

नेमके काय बिघडले, हे तिथल्याच भौतिकशास्त्रज्ञाने आणि ऑपरेटरने पुन:पुन्हा टाइप करून शोधले. यंत्रातील चुंबक स्थिरावायला सुमारे आठ सेकंद लागत. तेवढ्यात केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण आतल्या प्रोग्रॅमपर्यंत नीट पोहोचत नसे. आधीच्या 'थेरॅक-२०'मध्येही असाच दोष होता. पण तिथे स्वतंत्र विद्युत-यांत्रिक सुरक्षाव्यवस्था होती. नव्या यंत्रात ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली गेली.

एंटर दाबून रकाने भरण्याची सोय मात्र चांगल्या हेतूने दिलेली होती. माहिती भरायला फार वेळ लागतो, अशी ऑपरेटरांचीच तक्रार होती. सोय झाली, काम वेगाने होऊ लागले आणि त्या वेगातच लपलेला दोष जिवावर बेतला.

मग सॉफ्टवेअरची रचना करणाऱ्याला कोडिंग किती यावे? डॉक्टर औषध कारखान्यात बनवत नाही. पण ते शरीरात किती वेळ राहते, मूत्रपिंड अधू असेल तर काय होते, हे त्याला ठाऊक असावेच लागते. डिझायनरचेही तसेच. रोज कोड लिहिता आला नाही तरी चालेल. बटण दाबल्यावर आत काय घडते, त्याला किती वेळ लागतो, मध्येच कोणी दुरुस्ती केली तर काय होईल, हे प्रोग्रॅमरला विचारण्याइतके आणि मिळालेले उत्तर पारखण्याइतके ज्ञान हवेच.

आज औषधांच्या नोंदींपासून सलाईनच्या पंपापर्यंत सर्वत्र पडदे आहेत. पडद्यावरचा आकडा आणि रुग्णाच्या शरीरात जाणारी मात्रा एकच आहे, याची खात्री कोणीतरी करून घेतलेली असावी लागते.