रील सुचत नाही तेव्हा डोक्यात नेमकं काय अडकलेलं असतं?

गेल्या महिन्यात मामीचा फोन आला. ती घरी भाजणी, मेतकूट, गोडा मसाला करून विकते आणि तिचं इन्स्टाग्राम मी सांभाळतो. "अरे, वीस दिवस झाले, तू काहीच टाकलं नाहीस. दिवाळीच्या ऑर्डरी कधी यायच्या?" खरं तर मी रोज रात्री तासभर बसत होतो. आधी दुसऱ्या मसालेवाल्यांची रील्स बघायची, मग आपलं काही सुचत नाही म्हणून फोन ठेवून द्यायचा. थिसिसच्या तिसऱ्या प्रकरणाचंही तेव्हा हेच चाललं होतं, म्हणून यावरचे पेपर शोधले.

आपण म्हणतो, डोकं चालत नाही. पण बऱ्याचदा ते चालत असतं, फक्त एकाच वाटेनं. १९९१ साली जॅन्सन आणि स्मिथ यांनी यावर फार छान प्रयोग केले. त्यातला एक असा: न सांडणारा कॉफीचा कप तयार करा, पण त्यात स्ट्रॉ वापरायचा नाही. एका गटाला फक्त हे काम दिलं. दुसऱ्या गटाला सोबत एक नमुना चित्रही दिलं, आणि त्या चित्रात नेमका स्ट्रॉ होता. झालं काय, तर चित्र पाहिलेल्यांच्या कपांमध्ये स्ट्रॉ कितीतरी जास्त वेळा आला. सूचना समोर लिहिलेली असूनही! याला त्यांनी नाव दिलं 'डिझाइन फिक्सेशन'. इथे चित्र न पाहिलेला गट किती महत्त्वाचा आहे बघा. तो नसता, तर 'स्ट्रॉ सगळ्यांनाच सुचतो' असं म्हणून आपण मोकळे झालो असतो.

म्हणजे मी प्रेरणा घेतोय असं समजून रोज तासभर स्ट्रॉच बघत होतो.

मग सुट्टी घ्यावी का? सिओ आणि ऑर्मरॉड यांनी २००९ मध्ये ११७ अभ्यास एकत्र तपासले. मध्ये थांबल्याचा फायदा होतो, पण थांबण्याआधी प्रश्नाशी जितकी जास्त झटापट, तितका तो जास्त. न बसताच घेतलेली सुट्टी यात धरू नका (हे मी स्वतःलाच सांगतोय). शिवाय लुकास आणि नॉर्डग्रेन यांच्या २०२० च्या पेपरनुसार, आपल्याला वाटतं की सुरुवातीलाच चांगलं सुचतं आणि मग झरा आटतो. प्रत्यक्षात पुढच्या कल्पना तितक्याच किंवा जास्त चांगल्या असतात. आपणच लवकर उठतो.

हे सगळे प्रयोगातले छोटे प्रश्न आहेत, रील्सवर केलेला अभ्यास नाही. तरी मी क्रम उलटा केला. फोन दुसऱ्या खोलीत, कागदावर आधी बारा कल्पना, मगच इतरांचं बघायचं. पहिल्या पाच अगदी टाकाऊ निघाल्या: वाफाळती वाटी, मागे सनई वगैरे. नवव्या क्रमांकावर आठवलं की गिऱ्हाइकं मामीला सारखी विचारतात, थालीपीठ थापताना चिरतं का? तेच शूट केलं. तुम्हीही पेपर वाचायला घेण्याआधी आपला प्रश्न आपल्या शब्दांत अर्धं पान लिहून बघा. माझं तिसरं प्रकरण तिथूनच हललं.

त्या रीलनंतर चार ऑर्डरी आल्या. नमुना एक, तुलनेला दुसरा गट नाही, त्यामुळे निष्कर्ष काढू नका. मामीनं मात्र रील दोनदा पाहिलं आणि म्हणाली, "पीठ जरा सैल भिजवलंयस. पुढचं कधी?"