दल सरोवराकाठचा हिवाळा आणि राखेखालचा निखारा

दल सरोवर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिकारे आणि कमळे येतात. परंतु तेथील माणसाची खरी कसोटी हिवाळ्यात लागते. २१ डिसेंबरपासून ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ सुरू होतो. पारा शून्याखाली उतरतो, काठचे पाणी गोठते.

मग ऊब आणायची कोठून? श्रीनगरमधून झेलम वाहते आणि तिच्यावरच खाली उरी येथे १९९७ पासून ४८० मेगावॅटचे वीजकेंद्र आहे. पण थंडीत डोंगरावरचे बर्फ वितळत नाही. नदी रोडावते आणि गरज सर्वाधिक असते तेव्हाच वीज घटते. आपल्या कोयनेसारखा पावसाळ्याचे पाणी राखून ठेवणारा मोठा जलाशय उरीला नाही. ते केंद्र वाहत्या पाण्यावर चालते.

साठवणीचे हे काम सामान्य माणूस आपल्या परीने करतो. शरदात गळलेली चिनारची पाने जाळून, वर पाणी शिंपडून कोळसा केला जातो. फोकांनी विणलेल्या टोपलीत मातीचे भांडे बसवले की झाली कांगडी. तिच्यातले निखारे राखेखाली तासन् तास धुमसतात. माणूस ती फेरनच्या आत धरून हिंडतो.

तथापि ही ऊब निर्धोक नाही. बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. वर्षानुवर्षांच्या चटक्यांनी कातडीचा कर्करोगही होतो. म्हणून कांगडीचे नुसते कौतुक करून भागणार नाही. ऊर्जा जवळ असणे आणि हवी तेव्हा हाती असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. उन्हाळ्यातील विपुलता हिवाळ्यापर्यंत कशी पोचवावी, हाच काश्मीरपुढील खरा प्रश्न आहे.