करारभंग झाल्यास कायदेशीर दाद कशी मागावी?

माल पोहोचला, पण पैसे आले नाहीत. आगाऊ रक्कम दिली, पण काम सुरूच झाले नाही. व्यवहारातील अशा तक्रारींचा निकाल आजही प्रामुख्याने भारतीय करार कायदा, १८७२ नुसार लागतो. करार तोंडी असला तरी तो सामान्यतः वैध असतो. अडचण येते ती तो सिद्ध करताना. बाजू खरी असूनही केवळ उशीर झाल्यामुळे दावा फेटाळला जाऊ शकतो, हे मात्र अनेकांना वकिलाकडे गेल्यावरच कळते.

समजा, सोलापूरच्या एका चादर उत्पादकाने इंदूरच्या व्यापाऱ्याला तीस दिवसांच्या उधारीवर चार लाख रुपयांचा माल पाठविला. मुदत कायदा, १९६३ नुसार उधारीचा काळ संपल्यापासून तीन वर्षांच्या आत त्याने दावा दाखल करणे आवश्यक आहे. या काळात व्यापाऱ्याने दूरध्वनीवरून 'दिवाळीनंतर पाहू', 'लग्नसराई उरकू द्या' अशी कितीही आश्वासने दिली, तरी मुदत एका दिवसानेही वाढत नाही. वकिलामार्फत नोटीस पाठविल्यानेही ती थांबत नाही, हा गैरसमज तर फारच महागात पडतो. देणे मान्य असल्याचे पत्र व्यापाऱ्याने मुदत संपण्यापूर्वी स्वतःच्या सहीनिशी दिले, तरच त्या दिवसापासून नव्याने तीन वर्षे मोजली जातात. काही रक्कम चुकती करून तशी सहीची नोंद त्याने मुदतीतच दिली, तरीही हाच नियम लागू होतो. म्हणून वर्षाअखेरीस खातेउतारा पाठवून त्यावर समोरच्याची सही घेण्याची जुनी व्यापारी पद्धत कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची ठरते.

दावा सोलापुरात करावा की इंदुरात, हा पुढचा प्रश्न. प्रतिवादी जिथे राहतो वा व्यवसाय करतो तिथे, किंवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जिथे घडले तिथे दावा करता येतो. अमुक शहराच्याच न्यायालयात वाद चालेल, असे उभय पक्षांनी मान्य केले असेल आणि त्या न्यायालयाला मुळात अधिकार असेल, तर ती अट सामान्यतः बंधनकारक मानली जाते. करारातील ही बारीक अक्षरांतील ओळ वाचण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. वाद उद्भवल्यावर मात्र तीच प्रवासाचा खर्च आणि वेळ ठरविते.

वकिलाच्या पहिल्या भेटीत मागणीपत्र, देयके, माल पोहोचल्याची पावती, बँकेचा उतारा आणि आपसांतील पत्रव्यवहार तारखेच्या क्रमाने न्यावा. मोबाइलवरील संदेश व ई-मेल हेही पुराव्यात येऊ शकतात. तथापि, त्यांच्या छापील प्रती सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावे लागते. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला आहे.

भरपाई किती मिळेल, याविषयी पक्षकारांच्या अपेक्षा बरेचदा वास्तवापेक्षा मोठ्या असतात. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेले किंवा करार करतेवेळी उभय पक्षांना ठाऊक असलेले नुकसानच भरून मिळते. दूरान्वयाने झालेले नाही. नुकसान कमी राखण्यासाठी कोणते उपाय हाताशी होते, हेही न्यायालय पाहते. खरेदीदाराने माल नाकारल्यावर तो अन्यत्र विकणे शक्य असताना गोदामात तसाच कुजू दिला, तर त्याचा पूर्ण बोजा खरेदीदारावर टाकता येत नाही.

करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप मिळत नाही. कलम ७४ नुसार लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाई न्यायालय ठरविते. याचे बोलके उदाहरण दिल्लीचे आहे. भिकाजी कामा प्लेस येथील एका भूखंडाच्या १९८२ मधील लिलावात बोली लावणाऱ्या कंपनीने ७८ लाख रुपये विसार भरला होता. उर्वरित रक्कम वेळेत न आल्याचे कारण देऊन दिल्ली विकास प्राधिकरणाने तो जप्त केला. पुढे १९९४ मध्ये तोच भूखंड मूळ बोलीच्या तिपटीहून अधिक किमतीस विकला गेला. प्राधिकरणाचे नुकसान झालेच नाही, तेव्हा विसार जप्त करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये स्पष्ट केले आणि ती रक्कम ९ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. या प्रकरणात करार मोडला होता तोही प्राधिकरणाकडूनच, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. लिलावापासून या निकालापर्यंत ३२ वर्षे उलटली होती, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

एवढा काळ लागू नये यासाठी न्यायालयाबाहेरचे काही मार्ग उपलब्ध आहेत आणि काही आता अनिवार्यही झाले आहेत. तीन लाख रुपये वा त्याहून अधिक मूल्याचे व्यापारी वाद व्यावसायिक न्यायालयांकडे जातात. तातडीच्या अंतरिम आदेशाची गरज नसेल, तर असा दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करावाच लागतो. ही अट बंधनकारक असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये दिला. सोलापूरच्या उत्पादकाने ही पायरी गाळून थेट दावा ठोकला, तर तो प्रारंभीच नामंजूर होऊ शकतो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजला जात नाही, ही जमेची बाजू.

करारात लवादाचे कलम असल्यास न्यायालय सामान्यतः पक्षकारांना लवादाकडेच पाठविते. उत्पादक सूक्ष्म वा लघु उद्योजक म्हणून नोंदणीकृत असेल, तर २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदाराने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करणे बंधनकारक असते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. अशी तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. परिषदेच्या निवाड्याला आव्हान देऊ इच्छिणाऱ्या खरेदीदारास आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. उद्योजकाची नोंदणी व्यवहारापूर्वीचीच असणे श्रेयस्कर.

पैशांऐवजी काम पूर्ण होणे महत्त्वाचे असेल, तर २०१८ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट खुली झाली आहे. किमान ३० दिवसांची लेखी नोटीस देऊनही काम झाले नाही, तर ते दुसऱ्याकडून करवून घेऊन खर्च करार मोडणाऱ्याकडून वसूल करता येतो. सरकारविरुद्ध दावा असल्यास सर्वसाधारणपणे दोन महिन्यांची पूर्वनोटीस आवश्यक असते.

वकिलाचे शुल्क परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो; इतरांसाठी उत्पन्नमर्यादा ठरविलेली आहे. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. वसूल झालेल्या रकमेत वाटा मागणे किंवा निकालावर शुल्क अवलंबून ठेवणे भारतीय विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार वकिलांना निषिद्ध आहे.

प्रलंबित दावा लोकअदालतीत तडजोडीने मिटल्यास न्यायालयीन शुल्क परत मिळते. मात्र लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील करता येत नाही. त्यामुळे तडजोडीच्या मसुद्यातील हप्त्यांच्या तारखा आणि हप्ता चुकल्यास काय होईल, हे सहीपूर्वी वकिलाकडून नीट तपासून घ्यावे.