‘तलवार’वरचं ताट आणि परळच्या बायका

परळ म्हटलं की आपल्याला गिरण्या आठवतात, भोंगे आठवतात, चाळी आठवतात. पण नौदल? समुद्रावरच्या शिपायांचा आणि परळच्या चाळीतल्या बायकांचा संबंध तो काय? संबंध आला, आणि तोही असा की परळमधल्या एका बाईला त्यासाठी जीव गमवावा लागला. ही गोष्ट आहे फेब्रुवारी १९४६ ची.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारला नाविकांची फार मोठी गरज पडली. युद्धाआधी अगदी छोटं असलेलं ‘रॉयल इंडियन नेव्ही’ भराभर वाढलं. मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ नावाचा तळ होता. नाव जहाजासारखं, पण हा तळ जमिनीवरचा. बिनतारी संदेश कसे पाठवायचे, कसे टिपायचे, हे इथं शिकवत. त्यासाठी शिकलेली, इंग्रजी येणारी मुलं लागत. चांगला पगार, चांगलं जेवण, पुढे नोकरी अशी आश्वासनं ऐकून गावोगावची पोरं भरती झाली होती.

त्याच काळात नौदलात बायकांचीही एक शाखा निघाली होती. तिच्यातल्या कल्याणी सेन १९४५ मध्ये प्रशिक्षणाची पाहणी करायला इंग्लंडला जाऊन आल्या. साडीतला गणवेश घातलेला त्यांचा तिथला फोटो आजही पाहायला मिळतो.

युद्ध संपलं तशी ही आश्वासनं हवेत विरली. गोऱ्या नाविकांना एक पगार, आपल्या मुलांना दुसरा. ताटात खडे असलेली डाळ आणि निकृष्ट भात. वर अधिकाऱ्यांच्या शिव्या! ‘तलवार’चे प्रमुख कमांडर किंग यांच्या तोंडी तर मुलांच्या आयांचा उद्धार असे. बी. सी. दत्त नावाच्या तरुण नाविकाने तळावर ‘भारत छोडो’सारख्या घोषणा रंगवल्या. त्याला अटक झाली. १८ फेब्रुवारीला ‘तलवार’वरच्या मुलांनी ताटं नाकारली. जेवण नाही तर काम नाही!

घरात कुणी रागाने ताटावरून उठलं तर आपल्याला लगेच कळतं की दुखणं फक्त जेवणाचं नाही. इथंही तसंच होतं. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली संपसमिती झाली. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना सोडा, इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलवा, अशा मागण्या पुढे आल्या. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट, असे तिन्ही झेंडे फडकले. बघता बघता ७८ जहाजं आणि सुमारे २० हजार नाविक उठावात सामील झाले. अन्न तोडून त्यांना नमवायचा प्रयत्न झाला, तेव्हा मुंबईकरांनी जेवणाचे डबे, फळं घेऊन गेट वे ऑफ इंडिया गाठलं.

आता परळकडे वळू या. कुलाब्यापासून दहा-एक किलोमीटरवरच्या या गिरणगावात १९४३ मध्ये अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या साथीदारांनी परळ महिला संघ सुरू केला होता. मुंबईत रेशन सुरू झालं तेही त्याच वर्षी. युद्धामुळे धान्य महागलेलं, काळाबाजार बोकाळलेला. खडे निवडून भात शिजवणाऱ्या या बायकांना नाविकांच्या ताटातलं दुखणं कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

२२ फेब्रुवारीला नाविकांच्या पाठिंब्यासाठी मुंबईत हरताळ झाला. काँग्रेसच्या नेत्यांचा त्याला विरोध होता. कम्युनिस्टांनी हाक दिली होती, तर समाजवादी अरुणा असफ अली नाविकांच्या बाजूने उभ्या होत्या. गिरण्या बंद पडल्या, माणसं रस्त्यावर आली. सरकारने लष्कर आणलं आणि गोळीबार सुरू झाला. परळमध्ये महिला संघाच्या कमल दोंदे गोळी लागून ठार झाल्या. कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी घुसली. सोबत असलेल्या अहिल्याताई थोडक्यात वाचल्या. त्या काही दिवसांत मुंबईत दोनशेहून जास्त माणसं मारली गेली.

सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ तारखेला नाविकांनी शस्त्रं खाली ठेवली. कुणावर सूड घेतला जाणार नाही असा शब्द मिळाला होता, तरी अनेकांना तुरुंगवास झाला, नोकऱ्या गेल्या. स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतलं नाही.

अहिल्याताई मात्र थांबल्या नाहीत. १९४२ च्या आंदोलनात येरवड्याच्या तुरुंगात साड्यांचा तिरंगा करून फडकवणाऱ्यांपैकी त्या एक. पुढे मुंबई महापालिकेत नगरसेविका, १९७७ मध्ये खासदार झाल्या. महागाईविरुद्ध लाटणं हाती घेतलेल्या मोर्च्यांत मृणाल गोरे यांच्याबरोबर त्या होत्याच. २००९ मध्ये त्या गेल्या.

कमल दोंदे यांचं नाव मात्र उठावाच्या इतिहासात जेमतेम एका ओळीत येतं. त्या काय बोलायच्या, कशा दिसायच्या, त्या दिवशी घरातून काय सांगून निघाल्या, हे त्या ओळीत नाही. मैत्रिणींनो, अशा एका ओळीच्या बायका आपल्याही गावात असतील. भूमिगतांना भाकरी पोचवणारी एखादी आजी, मोर्च्यात लाठी खाल्लेली एखादी मावशी. त्यांना ओळखणारं कुणी अजून घरात असेल, तर आजच जवळ बसून विचारा. आणि जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा, नावासकट.